काय दिसता ता सांग

परवा माझ्या ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीला मी विचारलं, जुन्या साइटची प्रत काढून ठेवलीस का? ती स्क्रीनकडे न बघताच म्हणाली, "हो मॅडम." झालं, माझं डोकंच सटकलं. म्हटलं, हो म्हणू नकोस, तिथे काय दिसतंय ते वाचून दाखव. तारीख वाच, वेळ वाच. ती बिचारी घाबरून एकेक अक्षर वाचायला लागली आणि मध्येच म्हणाली, मॅडम, तुम्हाला असं कुणी शिकवलं? मी म्हटलं, बाई, तू तुझं काम कर. पण त्या दिवशी माझं स्वतःचं कामात लक्ष लागलं नाही.

शिकवलं दिगूदादाने. दिगंबर धुरी. मालवणच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर त्याचं वेबसाइटी करून देणारं ऑफिस होतं. लाकडी जिना, अकरा पायऱ्या, वर एक खोली, तीन टेबलं आणि एक खिडकी. खिडकीतून दोन माडांच्या मधून हाताच्या चार बोटांएवढा समुद्र दिसायचा. मी सावंतवाडीहून डिप्लोमा करून आले ती थेट त्या खोलीत. तिथे दादा, मी आणि चित्रं, रंग वगैरे बघणारा परेश, एवढीच माणसं. आता मी कुडाळला स्वतःचं ऑफिस चालवते, दादा त्याच्या गावी देवगड तालुक्यात घरून काम करतो. पण कामाची म्हणून जी काही रीत माझ्या हाताला आहे ती त्या माडीवरची.

मुलाखतीला त्याने मला एकच प्रश्न विचारला होता, "तुका काय येणा नाय ता सांग." मी जे जे येतं त्याची भली मोठी यादी पाठ करून गेले होते. ती सगळी मी धडाधडा म्हणून दाखवली. दादाने ऐकून घेतली आणि पुन्हा तेच विचारलं. मी यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मग तो म्हणाला, "बरा, आदी माजा सांगतंय. माका डाव्या डोळ्यान कडेचा दिसणा नाय. काचबिंदू आसा. बापाशीक होतो, त्येचे दोनय डोळे गेले. माजे कधी जातले ता डॉक्टरांक पण म्हायत नाय. तोपर्यंत आणि त्येच्या फुडे पण माका काम करूचा आसा. आता तुजा सांग." माणसाने पहिल्या भेटीत असं काही सांगितल्यावर मी कबूल केलं की मला इंग्रजी वाचून चटकन समजत नाही आणि मला राग लवकर येतो. तो म्हणाला, इंग्रजी येतला.

तेव्हा तो बेचाळीस-त्रेचाळीसचा असेल. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मान किंचित डावीकडे वळवून बसायची सवय. नवखी माणसं समजायची, साहेब आपल्याकडे संशयाने बघतायत. खरं म्हणजे तो आपल्याला उजव्या डोळ्यात घेऊन बसलेला असायचा.

ऑफिसच्या वेळात त्याला दोनदा डोळ्यांत थेंब घालायचे असत. साडेअकराला आणि चारला मोबाइलचा अलार्म वाजायचा. थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. ती पाच मिनिटं फुकट घालवील तर तो दिगूदादा कसला! अलार्म वाजला की मी नाही तर परेशने आपापलं काम त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. परेश चित्रं वाचायचा, म्हणजे वरती निळी पट्टी, तिच्याखाली होडी, असं. मी कोड वाचायची, म्हणजे साइट चालवणाऱ्या ओळी आणि त्यांतल्या गोष्टींना मी ठेवलेली नावं. पहिल्या आठवड्यात मी वाचलं, टेम्प दोन, टेम्प तीन, ए वन. दादाचे डोळे मिटलेले. म्हणाला, "हे कोण गो? नाव असा ठेव, भर बाजारात वरडान बोलवलंस तर तोच येवक व्हयो." मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. कॉलेजात सगळेच अशी नावं ठेवत. पण दुसऱ्या दिवशी वाचायची वेळ आली तेव्हा माझी मलाच लाज वाटली आणि मी सगळी नावं बदलली.

अशा त्याच्या रीती फार. माझा माऊस त्याने आठ दिवस टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला. सगळं कीबोर्डवरून करायला शिक म्हणाला, हात जागचा हलला की डोकंही जागचं हलतं. मी तणतणत आठ दिवस काढले. नवव्या दिवशी त्याने माऊस परत दिला तेव्हा तो मला नकोसा झाला होता. संध्याकाळी उठताना काम पुरं करून उठायचं नाही, एक ओळ अर्धी ठेवायची, म्हणजे सकाळी आल्या आल्या काय करायचं हा प्रश्न पडत नाही. "इरजण ठेवतंस मा? तसा," म्हणायचा. आणि सकाळची पहिली पंधरा मिनिटं ईमेल उघडायची नाही, फोन नाही, काही नाही. काल कुणी कुठली ओळ बदलली ते वाचायचं. आमच्या धंद्यात ही नोंद आपोआप राहते, कुठली ओळ, कुठल्या वेळी, कुणाच्या हाताने बदलली. ही नोंद कोण वाचत नाही हो सहसा. दादा रोज वाचायचा, देवपूजेसारखी.

नवीन काही शिकायचं तर त्याचा तीन दिवसांचा नियम होता. पहिल्या दिवशी नुसतं वाचायचं, दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोडून बघायचं, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला शिकवायचं. शिकवायला माणूस नसेल तर त्याच्या टेबलावर मी सावंतवाडीहून आणलेला लाकडी फणस होता, मुठीएवढा. त्या फणसाला तो मन लावून समजावून सांगायचा. पुष्कळदा निम्म्यातच थांबून म्हणायचा, हां, गावली चूक. खालचा दुकानदार एकदा वर आला आणि हे दृश्य बघून हळूच खाली गेला. नंतर मला विचारत होता, धुरींचा सगळा बरा आसा मा?

शिकलेलं सगळं तो वहीत लिहायचा. साधी दोनशे पानी वही. जुन्या वह्या कपाटात होत्या. एकदा मी काहीतरी शोधायला त्या काढल्या आणि चाळता चाळता माझा हात थांबला. पहिल्या वहीत एका पानावर पंचवीस ओळी होत्या. पुढच्या वहीत पंधरा. त्याच्या पुढच्या वहीत आठ. अक्षर मोठं मोठं होत गेलेलं. हातातल्या चालू वहीत पानावर चार ओळी मावत होत्या. मी वह्या होत्या तशा ठेवल्या आणि कुणाला काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून तो जिना उतरायला लागला की मी मनात पायऱ्या मोजायची. कप टेबलाच्या कडेला ठेवला की माझं कोडवरून लक्ष उडायचं.

आता गाऱ्हाण्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच झालं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून जे जे बिघडू शकतं ते एकेक करून मोठ्याने सांगतो, सांभाळून घे म्हणतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. दादाचे वडील गावात गाऱ्हाणं घालायचे. दादा साइटवर नवीन काही चढवायच्या आधी गाऱ्हाणं घालायचा. वेळही ठरलेली, दुपारी दीड. त्या वेळात अख्खं मालवण माशाचं जेवून आडवं झालेलं असतं, साइट पाच मिनिटं बंद पडली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दीड वाजला की दादा उभा राहायचा, हात जोडायचा आणि खणखणीत आवाजात सुरू करायचा.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां साइटीर जा काय नवा चडवतत, त्येच्यात खंय चूकमाक ऱ्हवली आसात तर ती आदीच नजरेक पडांदे रे म्हाराजा!"

आम्ही दोघं, "व्हय म्हाराजा!"

"जुन्याची प्रत आजच्या तारखेची काडलेली आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मोबायलार उगडून बगलेला आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हसू नका. त्या गाऱ्हाण्यात सतरा गोष्टी होत्या आणि त्यातली प्रत्येक गोष्ट आधी कधीतरी आमच्या अंगाशी आलेली होती. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपन्या असल्या याद्या कागदावर ठेवतात. आमची तोंडपाठ होती. पण पाठ झालेल्या गोष्टीत एक खोट असते. तोंड पुढे जातं, डोळे मागे राहतात.

विजयदुर्गाकडच्या एका गावातल्या आंबा बागायतदारांची साइट आम्ही केली होती. त्यांची गिऱ्हाइकं घरबसल्या पेट्या सांगायची, नाव, पत्ता, किती पेट्या, कुठल्या आठवड्यात. एप्रिलचे दिवस, ऐन हंगाम. त्यात एक सुधारणा चढवायची होती. दीड वाजला. मला सपाटून भूक लागलेली, घरमालकिणीने सकाळीच सांगितलं होतं की आज सुरमई आणलीय. दादा गाऱ्हाणं घालत होता. प्रतीचं वाक्य आलं. समोर स्क्रीनवर प्रतीची फाइल दिसत होती. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." तारीख बघितली नाही.

चढवलं, आणि बुकिंगची सगळी यादी कोरी झाली. बरं, प्रत आहे म्हणून मी ती उघडली, तर ती आठ दिवसांपूर्वीची. मधल्या आठ दिवसांतली सगळी माणसं गेली. दादा माझ्या मागे उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हळू आवाजात विचारलं, "वृंदा, तू तारीक बगलंस?" मी म्हटलं, "मी बगूक नाय रे दादा." आणि मी रडायला लागले. तो मग खुर्चीवर बसला आणि परेशला म्हणाला, उद्या पहाटेच्या एस्टीची वेळ बघ. फोनवर सांगायची ही गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि दादा त्या गावात पोचलो तेव्हा बागायतदार पेट्या भरण्याच्या शेडमध्ये जमले होते. त्यांचे म्होरके आबा, सत्तरीचे, पेंढ्यावर आंबे लावत बसलेले. दादा गिऱ्हाइकांशी नेहमी शुद्ध मराठीत बोलायचा. त्याने तसंच सुरू केलं, "आमच्याकडून एक तांत्रिक चूक झालेली आहे," आणि तिथेच अडकला. मी पुढे होऊन म्हटलं, चूक माझी आहे, मी न बघता हो म्हटलं. दादाने हाताने मला मागे सारलं.

"मी प्रत काडलास काय म्हणान इचारलंय, हिना व्हय म्हटला," तो म्हणाला. "पण ता बगूचा काम माजा होता. मी बगूक नाय, कारण माका ती अक्षरां दिसणत नाय. सा म्हयने झाले. घरात इचारल्यानी, दिसता मा? मी व्हय म्हटलंय. ऑफिसात पण तसाच केलंय. ह्या मी आज पयल्यांदा सांगतंय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याच्या बायकोने, वैनीने, मला दोनदा फोन करून विचारलं होतं, तेंका ऑफिसात नीट दिसता मा गो? आणि मीही व्हयच म्हटलं होतं. वह्या बघितल्या होत्या तरीही.

आबांनी हातातला आंबा खाली ठेवला. "मगे आता साइट कोण बगतलो?"

"ही बगतली. मी इचारतलंय."

आबांनी पेंढा सारखा केला. मग म्हणाले, "इचारणारो व्हयोच," आणि त्यांनी कुणाला तरी सरबत आणायला पाठवलं. भडकलेले चारपाच जण होते, त्यांनी आमचा चांगला उद्धार केला, आम्ही तो मुकाट्याने ऐकला. मग शेडच्या भिंतीवर खडूने लिहिलेल्या नोंदी, बागायतदारांच्या मोबाइलमधले निरोप, कुरियरच्या पावत्या, असं करत करत आम्ही सहा दिवस ती माणसं शोधली. अकरा जण काही केल्या सापडले नाहीत. त्यांतले काही जण नंतर आपणहून फोन करून तावातावाने भांडले, तेव्हा आम्हाला इतका आनंद झाला की समोरचा माणूस गोंधळून गप्प व्हायचा.

परतीच्या एस्टीत दादा खिडकीशी बसला होता. बराच वेळ गेल्यावर त्याने मला वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांची नजर गेली तेव्हा दादा कॉलेज संपवून घरीच होता. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एक रायवळ आंबा होता, वडिलांच्या वडिलांनी लावलेला. वडील रोज सकाळी विचारायचे, आंबो कसो आसा? एका वादळात तो मुळासकट उपटून पडला. वडील तेव्हा दवाखान्यात होते. घरी आणल्यावर कुणाच्या तोंडून निघेना. म्हाताऱ्याला उगीच त्रास कशाला, असं सगळ्यांनी ठरवलं. मग रोज सकाळी वडील विचारायचे, आंबो मोहरलो? आणि दादा सांगायचा, व्हय. पालवी फुटली? व्हय. तोरां, म्हणजे बाळकैऱ्या, धरली? व्हय. दोन वर्षं. बाजारातून तसले आंबे आणून झाडाचे म्हणून खायला घालायचे.

"एक दिस सकाळी तो काठी घेवन एकटोच खळ्यात गेलो," दादा म्हणाला. "हात फुडे केलेलो. झाड होता थयसर गेलो, हात फिरवीत ऱ्हवलो. मी दारात उबो आसंय. माका हाक मारूक पण जमला नाय. मगे तो परत इलो, बसलो, च्याय पिलो. कोणाक काय बोलूक नाय. पण त्या दिसापासून त्येना कोणाक कायच इचारूक नाय. शेवटपर्यंत, मरासर."

देवगडला गाडी थांबली तेव्हा त्याने मला फक्त एवढंच सांगितलं, डोळे जातील त्याची भीती नाही, डोळे गेल्यावर सगळे व्हय म्हणायला लागतील त्याची आहे.

त्यानंतर गाऱ्हाणं बदललं. दादा उभा राहायचा, हात जोडायचा, पण "व्हय म्हाराजा" बंद. दादा एकेक गोष्ट विचारायचा आणि म्हणायचा, "काय दिसता ता सांग." मग आम्ही वाचायचं. तारीख आजची, वेळ बारा चाळीस, फाइल एवढी मोठी, उघडून बघितली, शेवटचं नाव अमुक. परेश म्हणायचा, देव पण कंटाळून उठून जायचो. पण चूक म्हणून झाली नाही परत.

ते बोलणारं, लिहून देणारं नवं यंत्र निघालं तेव्हा आम्हाला वाटलं, दादा त्याला हात लावणार नाही. उलट तोच आधी बसला, तीन दिवसांचा नियम लावून. पहिल्या दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याला चुकीच्या गोष्टी सांगितल्या. दर वेळी यंत्र म्हणे, तुमचं अगदी बरोबर आहे. दादा हसला आणि म्हणाला, ह्यो आमच्या घरातलोच निघालो. पण नावं ठेवून थांबणारा तो नव्हता. हे यंत्र न थकता वाचून दाखवतं, परत विचारलं तरी वैतागत नाही, मला पुढे हेच लागणार आहे, असं तो म्हणायचा. फक्त त्याला होकारावर सोडायचं नाही, काय दिसतं ते त्यालाही वाचायला लावायचं, आणि ते स्वतः ताडून बघायचं. तिसऱ्या दिवशी त्याने हे सगळं मला शिकवलं. मी अजून तेवढ्यावरच चालवते आहे.

दिवाळीच्या सुमाराला नजर गेली. म्हणजे अंधार नाही म्हणे, खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढं समजायचं. स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम त्याने आधीच बसवून ठेवला होता. हेडफोनमधून तो आवाज इतक्या भरभर यायचा की मी एकदा कानाला लावून बघितला तर नुसती मोहरी तडतडल्यासारखी. दादाने वेग हळूहळू वाढवत नेला होता, आम्हाला कुणाला न सांगता, गेली दोन वर्षं. माऊसला हात न लावायची सवय, मोठ्याने बोलावता येतील अशी नावं, पाच मिनिटं डोळे मिटून ऐकणं, हे सगळं तो आम्हाला शिकवत होता आणि स्वतःची तयारी करत होता, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं. तरी अवघड गेलं. तीन दिवसांच्या नियमाबद्दल म्हणाला, माका तीन म्हयने लागतले. वही बंद झाली. शेवटच्या पानावर आडवेतिडवे दोनच शब्द होते, उद्या परत.

तो काम करायचा, पण चुका व्हायच्या. कानाने ऐकताना ओळ बरोबर असते, पण बटण चित्राच्या खाली जाऊन लपलंय हे कानाला कसं कळणार? मजकूर एकावर एक चढलाय हे कोण सांगणार? पाच वाजता वैनी येऊन त्याला घेऊन जायची. तो गेला की मी त्याचं काम उघडायची आणि दुरुस्त करायची. परेशला सांगून ठेवलं होतं, बोलू नकोस. सकाळी दादा विचारायचा, "कालचा बरा आसा मा गो?" मी म्हणायची, एकदम बरा.

हो, मीच. एस्टीतली गोष्ट ऐकलेली मी. मला त्याची दया आली असं नुसतं म्हणून भागणार नाही. मी घाबरले होते. मला वाटायचं, चुका सांगितल्या तर हा हेडफोन काढून ठेवील आणि उठून जाईल, आणि मग ही खोली, हे गाऱ्हाणं, मला रागावणारं माणूस, सगळंच संपेल. दोन महिने मी हे केलं. रोज संध्याकाळी ते करताना चोरी करतेय असं वाटायचं आणि रोज सकाळी व्हय म्हणताना तोंड कडू व्हायचं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. परेश कणकवलीला गेलेला, आम्ही दोघंच. साडेअकराला अलार्म वाजला. थेंब केव्हाच बंद झाले होते, अलार्म त्याने काढला नव्हता. मी माझं वाचायला घेणार तेवढ्यात तो म्हणाला, आज मी वाचतो, तू ऐक. आणि स्क्रीनकडे तोंड करून, हेडफोन गळ्यात ठेवून, तो पाठ म्हणावं तसं म्हणायला लागला.

"सोमवार, संध्याकाळ, पाच वाजून वीस मिन्टां. ओळ एकशे बारा. वृंदा. मंगळवार, साडेपाच. ओळ चाळीस ते सत्तेचाळीस. वृंदा. बुधवार, पाच चाळीस. वृंदा."

सकाळची पहिली पंधरा मिनिटं! तो रोज ती नोंद ऐकत होता. मला मठ्ठीला वाटायचं, हेडफोन लावून तो कालची अर्धी ओळ शोधतोय. दोन महिने रोज सकाळी त्याने माझं नाव स्वतःच्या ओळींवर ऐकलं होतं, आणि मग मान डावीकडे वळवून मला विचारलं होतं, बरा आसा मा?

"दादा," मी म्हटलं.

"बापाशीक पण आदीच म्हायत आसतला," तो म्हणाला. आवाज शांत होता, पण हात टेबलावरचा लाकडी फणस चाचपत होता. "सावली नाय, पानां पडणत नाय, पाखरां येणत नाय. माणसाक काय कळणा नाय? तो दोन वर्सां आमची वाट बगी होतो. कोण तरी सांगीत म्हणान. चेडवा गो, झाड पडला ता माका म्हायत आसा. तू कधी सांगतंस ता बगी होतंय."

मला रडू कोसळलं. त्याने मला रडू दिलं, गप्प हो म्हटलं नाही. खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पातेली वाजवून बघत होतं. मग मी डोळे पुसले, उठले, त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि त्याने काल केलेलं पान उघडलं. काल वैनी उशिरा आली होती, म्हणून अजून मी त्याला हात लावलेला नव्हता.

"काय दिसता ता सांग," दादा म्हणाला.

मी सांगितलं. वरची पट्टी ठीक आहे. चित्राची उंची जास्त झालीय, त्याच्याखाली बुकिंगचं बटण अर्धं झाकलं गेलंय. फोन नंबर दोनदा आलाय. खालच्या ओळीत कंस मिटलेला नाही. मोबाइलवर मजकूर उजवीकडे बाहेर जातोय. मी एक एक करून सगळं वाचलं, एकही सोडलं नाही. दादा ऐकत होता. त्याचा चेहरा पडत गेला, तो त्याला लपवता आला नाही. सगळ्या मिळून सात चुका होत्या.

मला वाटलं, आता हेडफोन काढणार. त्याने फणस बाजूला ठेवला, हेडफोन कानावर चढवला, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. तडतड सुरू झाली. मी मागे उभीच होते. पाच मिनिटांनी तो मान न वळवता म्हणाला, "बटाण आता?"

"थोडा दिसता. अजून खाली घे."

त्याने खाली घेतलं.

"आता?"

"आता सगळा दिसता," मी म्हटलं. "पण फोन नंबर अजून दोनदा आसा."

"आसा काय," म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मला त्याचं हसू ऐकू आलं. पुढच्या महिन्यात तो घरून काम करायचं ठरवून गावी गेला. मला त्याची आठवण येते ती तशीच, पाठमोरी, खिडकीकडे थोडी वळलेली मान, आणि हात कीबोर्डवर, मी पुढची चूक सांगायची वाट बघत.